दुसऱ्याच्या पैशाची जोखीम

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत पाळी सुटली की दोन प्रकारची माणसे रस्त्यावर दिसतात. एक असतो दिवसभर लेथवर उभा राहिलेला कामगार. दुसरा असतो एखाद्या लहानशा गाळ्याचा मालक, जो काही वर्षांपूर्वी स्वतःही कामगारच होता. पहिला पगारातून चार पैसे बाजूला काढून बँकेत ठेवतो. दुसरा बँकेतून कर्ज काढून नवे यंत्र घेतो. मोठ्या कारखान्याने मागणी कमी केली, तर त्या यंत्राचे हप्ते मालकाच्या घरादारावर येतात. म्हणजे जोखीम या वसाहतीला परकी नाही. ती कोणी घेतली नसती, तर येथे माळरानच राहिले असते. तेव्हा जोखीम घेणे यात पाप नाही. प्रश्न इतकाच की, ती कोणाच्या पैशावर घेतली जाते आणि डाव उलटल्यावर कोण बुडतो?

आपल्या देशात हा प्रश्न ठळकपणे उभा राहिला तो १९९२ साली. सुचेता दलाल यांनी २३ एप्रिलला ‘टाइम्स ऑफ इंडिया’त रोखे गैरव्यवहार उजेडात आणला. बँका सरकारी रोखे थोड्या दिवसांपुरते विकून परत घेण्याचा करार करीत. प्रत्यक्ष रोखे न देता बँकेची एक पावती दिली जाई. या व्यवहारांत मध्यस्थ असलेल्या हर्षद मेहता यांच्या हाती बँकांचा पैसा येई आणि तेथून तो शेअर बाजारात जाई. बँक ऑफ कराड व मेट्रोपोलिटन को-ऑपरेटिव्ह बँक यांनी तर पाठीशी रोखे नसतानाच अशा पावत्या दिल्या. बँक ऑफ कराड त्याच वर्षी अवसायनात निघाली आणि १९९४ मध्ये बँक ऑफ इंडियात विलीन झाली. शेअर बाजाराची पायरी कधीही न चढलेला ठेवीदार आपल्या नकळत त्या डावात भागीदार झाला होता.

पुढे जे घडले ते अधिक बोलके आहे. रामनिवास मिर्धा यांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त संसदीय समिती नेमली गेली. तिचे काम चालू असतानाच, जून १९९३ मध्ये, मेहता यांनी पंतप्रधान नरसिंह राव यांना एक कोटी रुपये दिल्याचा आरोप केला. राव यांनी तो नाकारला आणि तो कधी सिद्धही झाला नाही. समितीने डिसेंबर १९९३ मध्ये बँकव्यवस्थेतील दोष तपशिलाने मांडले. पण लोकांच्या स्मरणात राहिली ती नोटांची सुटकेस. पैसे कोणत्या पक्षाने घेतले, या वादाच्या धुरळ्यात पैसे कोणाचे होते हा प्रश्न दिसेनासा झाला.

दहा वर्षांत तोच खेळ महाराष्ट्रात पुन्हा झाला. नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने होम ट्रेड व अन्य काही दलाल कंपन्यांमार्फत सरकारी रोख्यांसाठी पैसा दिला. रोखे आले नाहीत, पैसाही परतला नाही. वर्धा व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्हा बँकांचाही पैसा होम ट्रेडमध्ये अडकला. २००२ साली हे प्रकरण उघडकीस आले. नागपूर बँकेचे तेव्हाचे अध्यक्ष सुनील केदार पुढे आमदार आणि २०१९ मध्ये मंत्रीही झाले. न्यायालयाने त्यांना पाच वर्षांची शिक्षा सुनावली ती डिसेंबर २०२३ मध्ये. त्यांनी या निकालाविरुद्ध अपील केले. अशा खटल्यांना एक बाजू सूडाचे राजकारण म्हणते, दुसरी न्याय म्हणते. आणि बाजू बदलल्या की शब्दही बदलतात. ज्या शेतकऱ्याची ठेव होती, त्याच्या आयुष्यातली एकवीस वर्षे मात्र कोणाच्याच घोषणेत नव्हती.

हा केवळ आपला दोष म्हणावा, तर अमेरिकेकडे पाहावे. महामंदीच्या काळात, १९३३ साली, तेथे ठेवी सांभाळणारी बँक आणि रोख्यांचा व्यापार करणारी पेढी यांच्यात कायद्याची भिंत उभारली गेली. १९९९ मध्ये दोन्ही पक्षांनी मिळून ती पाडली. २००८ चा आर्थिक कोसळ पाहिल्यावर, २०१० मध्ये, बँकांनी स्वतःच्या नफ्यासाठी सट्टा खेळू नये असा नियम आला. पॉल व्होल्कर यांच्या नावाने तो ओळखला जातो. तो ज्या कायद्यात होता, तो जवळजवळ एकाच पक्षाच्या बळावर संमत झाला आणि २०१८ मध्ये दुसऱ्या पक्षाच्या राजवटीत सैल करण्यात आला. नियमाचे बरेवाईटपण राहिले बाजूला. तो कोणी आणला यावर त्याचे आयुष्य ठरले.

कोणी म्हणेल, फार नियम केले तर उद्योगाला पैसा मिळणार नाही. ही शंका खोटी नाही. भित्री बँक भोसरीतल्या नव्या उद्योजकाला दारातही उभे करणार नाही. परंतु त्या उद्योजकाची जोखीम आणि सट्ट्याची जोखीम एक नव्हे. त्याने कर्जाच्या कागदावर स्वतःची सही केलेली असते, घर गहाण टाकलेले असते. बुडाला तर प्रथम तो बुडतो. सट्टा खेळणारा बँकाधिकारी जिंकला तर बक्षीस त्याचे, हरला तर तोटा ठेवीदाराचा. कारभाऱ्याला धन्याचा पैसा वापरण्याचा अधिकार आहे, तो डावावर लावण्याचा नाही. धनी गरीब आणि दूर आहे, म्हणून तर हे बंधन अधिक कडक हवे.

ऑक्टोबर २०२२ मध्ये पिंपरीच्या सेवा विकास सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने रद्द केला. अशा वेळी ठेवीदाराला पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण असते. ही मर्यादा २०२० पर्यंत एक लाखच होती. पण या विम्याचा हप्ता सगळ्याच बँका भरतात. एका बँकेच्या बेफिकिरीची किंमत अशा रीतीने दुसऱ्या बँकेच्या सावधपणातून वसूल होते.

आणि आपण? सहकारी बँकेचे आपण सभासद असतो, म्हणजे नावाचे का होईना, मालक असतो. वार्षिक सभेत अहवाल न उघडताच आपण ‘मंजूर, मंजूर’ म्हणतो. संचालकांच्या निवडणुकीत पॅनेल आपल्या पक्षाचे आहे का, एवढेच पाहतो. अर्धा टक्का व्याज जास्त मिळाले की ते कोठून आले, हे विचारीत नाही. आपल्या पक्षाचा माणूस खुर्चीवर असतानाही जो नियम आपल्याला हवासा वाटेल, तोच खरा नियम. विरोधकाची खुर्ची पाहून आठवलेला नियम हे केवळ हत्यार. ही कसोटी पुढाऱ्यांना लावण्याआधी स्वतःला लावली पाहिजे. आपल्या शेजारी रांगेत उभ्या असलेल्या कामगाराने पासबुकावर विश्वास ठेवला आहे, आणि त्या विश्वासाचे कारभारी काही अंशी आपणही आहोत.