खालच्यांचा देव आणि माझं न्हाणीघर

सांगलीत विश्रामबागेतला आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर आहे. इमारत जुनी. फरश्या हलतात, नळ गंजलेत, आणि स्वयंपाकघर एवढंसं की दोघी आत असल्या तर तिसरीनं दारातूनच बोलावं. पुण्याच्या लेकीनं नकाशा काढून पाठवला: मधली भिंत पाडायची आणि न्हाणीघर वायव्येच्या कोपऱ्यात सरकवायचं. भिंतीला इंजिनिअरनं हरकत घेतली नाही. ती चार इंची, नुसता आडोसा. भार सगळा कॉलम-बीमवर. न्हाणीघराशी मात्र तो अडला. तिथला स्लॅब मुळातच फूटभर खाली घेतलेला असतो, त्या खोलगटात नहाणी ट्रॅप आणि पाइप बसतात, वर विटांच्या तुकड्यांचा कोबा. दुसरीकडे सपाट स्लॅबवर न्यायचं तर फरशी उचलावी लागणार, आणि वॉटरप्रूफिंग जरा कच्चं राहिलं की पाणी खाली.

खाली त्या कोपऱ्यात काकूंचं देवघर आहे.

वास्तुतज्ज्ञांची हरकत नव्हती. वायव्य चालते म्हणाले. त्यांच्यापुढे कागद फक्त आमच्या मजल्याचा होता. मला तेव्हापासून एक शंका छळते. वास्तुपुरुषाचं मंडल जमिनीच्या तुकड्यावर आखतात. मग आमच्या इमारतीखाली तो एकटा पालथा पडलाय, की मजल्यागणिक एकेक? वास्तुशांत तर प्रत्येकानं आपापली वेगळी केलीये.

वेदान्ती म्हणतील, प्रश्नच चुकीचा. गौडपादाचार्यांनी मांडूक्यकारिकेच्या अद्वैत प्रकरणात घटाकाशाचा दृष्टान्त दिलाय: मडक्यातलं आकाश वेगळं दिसतं, मडकं फुटलं की कळतं ते वेगळं कधी नव्हतंच. फ्लॅट म्हणजे दुसरं काय? दोन स्लॅबमधली पोकळी मी पैसे मोजून घेतली. गंमत म्हणजे सरकारचा कायदाही फार लांब नाही. 1970 च्या अपार्टमेंट मालकी कायद्यात प्रत्येक फ्लॅटसोबत जमीन, जिना, गच्ची यांतला अविभक्त हिस्सा येतो आणि तो फ्लॅटपासून तोडता येत नाही. इमारतीच्या मजबुतीला धोका होईल असं काम करायचं तर बाकी सगळ्या मालकांची एकमुखी संमती लागते.

पण गौडपाद पुढे जाऊन म्हणतात, एका मडक्यात धूळ-धूर शिरला म्हणून बाकीच्या मडक्यांतलं आकाश मळत नाही. तसं एका जीवाचं सुखदुःख दुसऱ्याला चिकटत नाही. आमच्या इमारतीत दृष्टान्त नेमका इथं गळतो. आत्म्याबद्दल आचार्यांचं बरोबर असेल, माझी पायरी तिथवरची नाही. पण माझी फरशी हेच काकूंचं छत आहे, आणि आकाश नसलं तरी पाणी एका मडक्यातून दुसऱ्यात जातं.

माझं माहेर साताऱ्याचं, त्यामुळे सज्जनगड आणि दासबोध घरातलेच. पहिल्या दशकाच्या दहाव्या समासात समर्थ रामदास घरावर हक्क सांगणाऱ्यांची लांबलचक जंत्री देतात: उंदीर, पाली, माश्या, मुंग्या, वाळवी, पाहुणे, चोर, राजाची माणसं, शेवटी आगसुद्धा म्हणते, घर माझं. त्यांत एक वेडा मालकही तेच म्हणतो. सांगलीकर या यादीत कृष्णेलाही घालील. लहानपणी मी हे ऐकून हसायचे. आता नकाशा पुढ्यात घेऊन वाचलं, तेव्हा दिसलं की यादीतले सगळे घर वापरणारे आहेत. डागडुजी करीन म्हणणारा मला तरी त्यात सापडला नाही.

संतांनी ‘माझं’ सोडायला सांगितलं, ते आम्ही फ्लॅटवाल्यांनी सोयीनं पाळलं. हॉल माझा, पार्किंग माझं. डक्टमधला सांडपाण्याचा पाइप मात्र ब्रह्मार्पण. गच्चीवर वाळवणं घालायला सगळ्यांची मालकी, भेगा पडल्या की वैराग्य. ममत्व वाईट म्हणतात, पण आमच्याकडे ते कमी पडतं. समर्थांना प्रपंच नेटका हवा होता, तो असल्या वैराग्यानं होत नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं, धोक्याच्या पातळीच्या बारा फूट वर. गावभागातले नातलग आमच्याकडे राहायला आले, जिन्यातसुद्धा अंथरुणं होती. त्या दिवसांत गच्ची खरोखर सगळ्यांची झाली, कारण ती सगळ्यांनी झाडली. पूर ओसरला, केरसुणी पुन्हा आपापल्या दाराआड.

न्हाणीघर आता हलवत नाही. घरात यावर वाद झाला. हे म्हणाले, “देवाला ओलीचं काय गं? नरसोबाच्या वाडीला नदी देवळात शिरली की लोक दक्षिणद्वाराचं स्नान करायला धावतात.” मुद्दा बिनतोड होता. मी म्हटलं, “ती कृष्णा आहे, हे तुमच्या आंघोळीचं पाणी आहे.” पण खरं कारण तेही नव्हतं. देवाला विटाळ होतो असं मी मानत नाही. काकू मानतात. रोज सकाळी हात जोडताना डोक्यावर काय आहे हे त्यांना ठाऊक असणार, आणि ते मी तिथं आणलेलं असणार. त्यांच्या श्रद्धेवर माझा विश्वास नसला तरी तिचं छत माझ्या ताब्यात आहे. उद्या त्या फ्लॅट विकून गेल्या तर, असंही यांनी विचारलं. मग नव्या माणसाला विचारू.

वाचलेल्या पैशांतून डक्टमधला पाइप बदलावा असं माझं म्हणणं आहे. तळमजल्याचे गृहस्थ म्हणतात, पाइप त्यांच्या वरच्यांसाठी आहे, वर्गणी कशाला? त्यांना अविभक्त हिश्शाचं कलम दाखवायचं की दासबोधाचा समास, हे रविवारच्या मीटिंगमध्ये बघू. आधी कलमच काढीन.