शेजाऱ्याचा कुत्रा



“फादर, शेजाऱ्यावर प्रीती करतो, पण त्याच्या कुत्र्यावरही करायची का? रात्रभर भुंकतो!” मिस्सानंतर एकाने विचारले. सगळे हसले, मीही हसलो.

संत थॉमस अक्वायनस यांच्या मते बुद्धी नसलेला प्राणी प्रीतीच्या आज्ञेतला ‘शेजारी’ ठरत नाही. म्हणजे तक्रारदाराचीच बाजू बळकट! आणि दिवसभर राबून आलेल्याला झोप हवीच, त्याचा राग खोटा नाही.

पण कुत्रा भुंकतो का? दिवाळीच्या सुमारास आपल्या तालुक्यातली कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला जातात, ती मार्च-एप्रिलमध्ये परततात. मागे राहतात म्हातारी माणसे आणि दारात बांधलेला कुत्रा. मालक कुठे गेला, हे त्याला कोण सांगणार? (जनावराला फार वेळ आखूड साखळीला जखडणे १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे, हेही सांगून ठेवतो.) आजी त्याला सोडत नाहीत, कारण एकट्या घराला राखण तेवढीच. म्हणजे कुत्रा शेजारी नसेलही, पण साखळीच्या दुसऱ्या टोकाला शेजारी आहेच.

मी त्या गृहस्थांना विचारले, “आजींशी शेवटचे कधी बोललात?”

थोडे थांबून ते म्हणाले, “पोळ्याला.”

आपला,
फादर