सुटे पैसे

ऑक्टोबरात लोक हवापालटाला जातात, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. आमच्या मानोऱ्यात ऑक्टोबर म्हणजे सोयाबीन. सोंगणी, गंजी, मळणी आणि मग पोत्यांवर बसून भावाची वाट पाहणं. पहाटे दव, दुपारी अंग भाजणारं ऊन आणि घरातल्या प्रत्येकाला कुसाची खाज. शरदाचं चांदणं मराठीच्या पुस्तकात होतं. आमच्याकडे त्याच चांदण्यात डुकरांपासून गंजी राखायला जात.

म्हणून 2005 च्या ऑक्टोबरात बाबा जेवता जेवता म्हणाले, "शनवारी कारंज्याले जाऊ, मुक्कामी," तेव्हा आईनं आधी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. पण बाबा खरंच बोलत होते. सोयाबीन चांगलं पिकलं होतं, अर्धं विकलं होतं, आणि आजी पाच वर्षं "गुरुमंदिर, गुरुमंदिर" करत होती. पुण्याच्या मावशीकडची मुलं महाबळेश्वरला जातात, हे मी दिवाळीच्या आधी नेमानं ऐकवत असे. त्याचाही थोडा हातभार असावा.

जाण्याच्या आदल्या संध्याकाळी याडी आली.

बंजारा बोलीत याडी म्हणजे आई. तिचं नाव काहीतरी वेगळं होतं, पण आम्हा सगळ्यांसाठी ती याडीच. तांड्यावरच्या आठ बायांची टोळी तिच्या हाताखाली होती आणि आमच्या सहा एकरांची सोंगणी त्यांनी गुत्त्यानं घेतली होती, एकरी साडेचारशे रुपये. सोयाबीनच्या वाळल्या शेंगा सुईसारख्या टोचतात. बाया बोटांना चिंध्या गुंडाळतात, कोणी पोरांचे जुने मोजे हातात घालतात. तरी दुसऱ्या दिवशी तळहात फुटतातच. काम संपून आठवडा झाला होता. ती अंगणात उभी राहिली, ओट्यावर बसली नाही.

"भाऊ, आज भेटले असते तं बरं झालं असतं. दुकानदार आता उधारीले नाई म्हनते."

"सुटे नाईत ना याडी," बाबा म्हणाले. "पोहरादेवीची आन, सोमवारी देतो."

पोहरादेवी आमच्याच तालुक्यात. सेवालाल महाराजांची समाधी तिथं आहे, म्हणून देशभरातला बंजारा समाज तिला आपली काशी मानतो. बाबांनी ती शपथ सहज घेतली, आपण 'देवाशप्पथ' म्हणतो तशी.

"देवीले कायले मधात घेता, भाऊ," याडी म्हणाली आणि गेली.

व्यापाऱ्यानं बाबांना सगळ्या पाचशेच्या नोटा दिल्या होत्या, हे खरं. पण साडेचारशेला सहानं गुणलं की 2,700 होतात, म्हणजे पाच नोटा आणि वर दोनशे. मी पाचवीत होतो, एवढं गणित मला येत होतं. मी बोललो नाही. मला कारंज्याला जायचं होतं.

कारंजा आमच्याच जिल्ह्यातलं, एसटीनं फार लांब नाही, पण मानोऱ्याहून तिथं उतरलं की आपण एखाद्या जुन्या राज्यात आलो असं वाटतं. गावाला चार वेशी: दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस आणि पोहा वेस. वेशीला नाव दिलंय ते तिच्यातून जाणाऱ्या वाटेचं, आणि त्यातली एक वाट थेट दिल्लीला जाते असं ज्या गावाला वाटलं, ते गाव काही साधं नसणार. स्टँडबाहेर सीताफळांच्या पाट्या लागल्या होत्या. आजीनं तिथंच दोन सीताफळं घेतली आणि बिया पदराला बांधल्या.

माझी धाकटी बहीण तेव्हा पहिलीत होती. तिला पैसे मोजता यायला लागून महिना झाला होता आणि त्या महिन्यात तिनं घरात कोणाला सुखानं जगू दिलं नव्हतं. जे दिसेल त्याचं तिचं एकच: "हे केवढ्याचं? पैसे कोनं देल्ले?" कंडक्टरला तिनं विचारलं, या एसटीचे पैसे कोणी दिले. तो म्हणाला, "तुह्या बापानं." त्यावर ती मानोऱ्यापासून कारंज्यापर्यंत बाबांकडे आदरानं पाहत होती.

गुरुमंदिरात आजीनं आम्हाला हात जोडून बसवलं आणि गोष्ट सांगितली. याच गावात अंबा आणि माधव यांच्या पोटी नृसिंह सरस्वती जन्मले. सन सांगतात 1378. बाळ जन्मलं तेच ॐ म्हणत. पण नंतर ॐ सोडून एक शब्द नाही. आईबापाला वाटलं, पोर मुकं. मुंज लागली आणि ज्या तोंडातून सात वर्षं अक्षर फुटलं नाही, त्यातून वेद बाहेर पडले. आजी हे सांगताना दर वेळी रडते, तशी रडली. धाकटीनं तिचे डोळे पुसले आणि विचारलं, "मुंजीचे पैसे कोनं देल्ले?"

दुपारी उन्हं कलल्यावर आम्ही शकुंतला पाहायला स्टेशनावर गेलो. गाडी कधी येईल ते छातीठोकपणे कोणी सांगेना. आली तेव्हा एखादी म्हैस घरी यावी तशी आली. मूर्तिजापूरहून कारंजा, दारव्हा करत यवतमाळला जाणारी ही अरुंद रुळांची गाडी वऱ्हाडातला कापूस बाहेर नेण्यासाठी इंग्रजी कंपनीनं सुरू केली होती. मँचेस्टरचं वाफेचं इंजिन तिला 1994 पर्यंत ओढत होतं, मग डिझेल आलं. बाबांना या गाडीचं फार कौतुक. ते म्हणाले, "गाडी सरकार चालवते, पन रूळ अजून कंपनीचेच हायेत बरं! देश सोतंत्र झाला, हा लोहमार्ग राह्यला." धाकटीनं विचार केला आणि म्हणाली, "मंग सरकार त्यायले भाडं देते का, का सोमवारी देतो म्हनते?"

आई हसली. बाबाही हसले, पण अर्धंच.

संध्याकाळी जुन्या पेठेत फिरलो. कारंज्यात जैनांची तीन जुनी मंदिरं आहेत: सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ. काष्ठासंघाच्या मंदिरातलं लाकडी कोरीवकाम पाहताना आईनं श्वास रोखला होता. लाकडाला इतकं मऊ वागवलेलं मी पुन्हा पाहिलं नाही. या मंदिरांच्या पोथ्यांचं मोल मला पुढं शिकताना कळलं. हजारेक वर्षांपूर्वी मान्यखेटला पुष्पदंत नावाचा कवी अपभ्रंशात, म्हणजे आपल्या मराठीच्या एखाद्या आजीच्या भाषेत, काव्यं लिहून गेला. कारंजा जैन ग्रंथमालेत त्याचं 'जसहरचरिउ' प. ल. वैद्यांनी 1931 साली आणि 'णायकुमारचरिउ' हिरालाल जैन यांनी 1933 साली छापून आणलं. जुन्या पोथ्यांच्या शेवटी पुष्कळदा नकलणारा लिहून ठेवतो की पाठ मोडली, मान मोडली, डोळे गेले, तेव्हा बाबांनो, ही जपा. ज्याच्या हातात लेखणी होती त्याला निदान एवढं लिहून ठेवता आलं.

मंदिराबाहेर एका ओट्यावर एक म्हातारेबुवा बसले होते. पांढरं धोतर, टोपी, हातात सुपारीचा अडकित्ता. आम्ही बाहेरगावचे दिसताच त्यांनी आम्हाला थांबवलं.

"कस्तुरीची हवेली पाह्यली काय?"

नव्हती पाहिली. मग त्यांनी ती गोष्ट सांगितली. कारंज्यात ती प्रत्येक जण थोडी वेगळी सांगतो. मी ऐकली तशी सांगतो.

एक सौदागर उंटांवर कस्तुरी लादून निघाला. गावोगाव फिरला. कोणी तोळा घेई, कोणी गुंजभर. सगळा माल एकदम घेईल असा माणूस कुठं भेटेना. सौदागर कारंज्यात आला आणि वेशीत बसून म्हणाला, या मुलखात पैसेवाला कोणी नाहीच. तेव्हा गावातल्या एका सावकाराच्या हवेलीचं बांधकाम चालू होतं. ते शब्द त्याच्या कानावर गेले. त्यानं सौदागराला बोलावलं आणि म्हणाला, सगळे उंट खाली कर. सौदागर म्हणाला, आधी रोकडा. सावकार म्हणाला, रोकडा देतो, पण कोणत्या सालच्या नाण्यांत हवा ते सांग, सगळी त्याच सालची देतो. त्यानं तळघर उघडलं आणि तिथल्या तिथं पैसे मोजले. मग गवंड्यांना हाक मारली आणि सौदागराच्या डोळ्यांदेखत ती सगळी कस्तुरी चुन्याच्या गाऱ्यात ओतायला लावली.

"पावसाळ्यात भिंती ओल्या झाल्या की अख्खी पेठ घमघमे," बुवा म्हणाले. "सुट्यासाठी कोनाले अडवलं नाई त्यानं. असं गाव होतं हे!"

बाबांचा हात खिशाकडे गेला. बहुधा रुमालासाठी असेल.

मी आणि धाकटी तेवढ्यात पेठेतल्या चार भिंती हुंगून आलो. एकीला ओल्या चुन्याचा वास, दोघींना शेणाचा आणि एकीला कोणाच्या तरी घरातल्या लसणाच्या फोडणीचा. कस्तुरी कुठंच नाही. धाकटी परत येऊन बुवांसमोर उभी राहिली.

"गारा कोनं कालवला?"

"अं? गवंड्यायनं. मजुरायनं."

"त्यायले पैसे देल्ले?"

बुवांचा अडकित्ता थांबला. ते मोठ्यानं हसले. "ते काई गोष्टीत नाई, बाई."

"मंग त्यायच्या हाताले वास किती दिवस राह्यला असन?"

"तेही नाई गोष्टीत."

तिला ती गोष्ट अर्धवट वाटली असावी, कारण खोलीवर जाईपर्यंत ती आपलेच हात हुंगत होती. वऱ्हाडात शतकानुशतकं धान्य आणि मीठ आलं ते बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून. कस्तुरीचे ते उंट कोणी हाकले, तेही गोष्टीत नाही. पण हे मला आता सुचतंय. तेव्हा मी फक्त एवढं पाहिलं की बाबा जेवणात दुसरी पोळी घेत नाहीत.

रविवारी आम्ही सोहोळच्या अभयारण्यात काळवीट पाहायला जाणार होतो. सकाळी उठलो तर बाबा बाहेरून आलेले, आणि त्यांच्या हातात पन्नासच्या आणि शंभरच्या नोटांचा गड्डा. तीन दुकानं फिरून मोड आणली होती. म्हणाले, पहिल्या गाडीनं घरी जायचं. मी रडलो, आई चिडली. "एका रात्रीनं काय बिघडते? सोमवार म्हनलं ना तुम्ही तिले?" बाबा म्हणाले, "काळवीट पुढच्या वर्षी." पुढच्या वर्षी भाव पडला. काळवीट मी अजून पाहिलेलं नाही.

दुपारी चारला ते मला आणि धाकटीला घेऊन तांड्यावर गेले. याडी दारात सूप घेऊन बसली होती. बाबांनी उभ्याउभ्याच पैसे पुढं केले. तिनं आधी बसायला पोतं अंथरलं, मग हात धुतले, मग पैसे घेतले आणि आठ बायांचे आठ वाटे करत हळूहळू मोजले. सत्तावीसशे. बाबांनी वर शंभर ठेवले होते, ते तिनं परत केले.

"दोन दिवस उशीर झाला," बाबा म्हणाले.

"होते," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. मग तिनं सहज सांगितलं, उद्या पाऊस आहे म्हणावं तसं, की काल मुकादम आला होता. दिवाळी झाली की ट्रक ऊसतोडीला निघणार. यंदा जायचं नाही असं घरात ठरलं होतं, नात पहिलीत बसली होती म्हणून. पण दुकानदारानं शनिवारी दारात येऊन चार माणसांत मागितले, तेव्हा लेकानं मुकादमाची उचल घेतली. लेक, सून आणि पोरगी, तिघंही जाणार.

"किती उचल? मी देतो, वापस करून टाका," बाबा घाईनं म्हणाले.

"उचल अशी वापस नाई घेत, भाऊ. अंगठा झाला."

ती नात धाकटीच्याच वर्गात, तिच्याच शेजारी बसायची. दिवाळीनंतर शाळा भरली तेव्हा धाकटीनं घरी येऊन सांगितलं की आता तिला पूर्ण बाकडं मिळालंय. पाय सोडून बसता येतं. पुढं बाबांनी शेत केलं ती आणखी चौदा वर्षं. सोंगणी संपली की धुऱ्यावरच, अंधार पडायच्या आत, चुकारा होई. त्यासाठी ते आठवडाभर आधी सुटे जमवायला लागत आणि बाजारातले लोक त्यांना हसत. त्यांनी कधी काही समजावून सांगितलं नाही.

त्या दिवशी मात्र ते पोत्यावर बसूनच राहिले. उठायचं कसं ते त्यांना कळत नसावं. याडीनं चहा टाकला. धाकटी तिच्याजवळ सरकली, तिचा उजवा हात दोन्ही हातांत धरला आणि उलटा केला. तळव्यावर चिरा होत्या, काही भरत आलेल्या, काही ओल्या. धाकटीनं नाक अगदी जवळ नेलं आणि डोळे मिटून लांब श्वास घेतला.

"काय करते वं पोरी?"

"थांब ना. वास पाहू दे."

याडीनं हात मागं घेतला नाही. बाबा जमिनीकडे पाहत होते.

"कायचा येते?"

"हळदीचा," धाकटी म्हणाली, आणि थोडी हिरमुसली.