समान नियम की न्याय्य नियम?



नीतीची चर्चा करताना आपण व्यापार, वारसा, विवाह, शेजारधर्म यांचा विचार करतो. खेळाचा मात्र सहसा करीत नाही. खेळ म्हणजे घटकाभराची करमणूक, तिच्यात कसली आली नीती, अशी आपली समजूत असते. वस्तुतः बलवान आणि दुर्बल एकाच जागी, एकाच ध्येयामागे धावू लागले की न्यायाचा प्रश्न तेथे उभा राहतोच. सर्वांना एकच नियम लावणे हा न्याय, की ज्याच्या त्याच्या सामर्थ्यानुसार नियम ठरविणे हा न्याय? या प्रश्नाचा विचार आज आपण एका दूरदेशीच्या खेळाच्या आधारे करू या.

कॅनडा आणि उत्तर अमेरिकेच्या थंड भागांत हिवाळा दीर्घ असतो. बाहेर बर्फ साचलेला असताना शाळांच्या आणि समाजकेंद्रांच्या बंदिस्त व्यायामशाळांत ‘फ्लोअर हॉकी’ नावाचा खेळ खेळला जातो. बर्फावरील हॉकीचे हे जमिनीवरील रूप होय. पायांत स्केट्सऐवजी साधे बूट, हातात हलकी प्लास्टिकची स्टिक आणि पुढ्यात चेंडू किंवा चकती, एवढेच त्याचे साहित्य. दिवसभर नोकरी करणारी माणसे संध्याकाळी एकत्र येऊन हौशी लीग चालवितात. त्यांतील काही लीगांत स्त्री-पुरुष एकाच संघातून खेळतात. तेथे मानधन नसते, कीर्तीही नसते. तरीही खेळ सुरू होण्यापूर्वी प्रत्येकाला नियमावली मान्य करावी लागते.

या नियमावलींत सामान्यतः पुढील गोष्टी आढळतात. अंगाने धडक द्यावयाची नाही. स्टिक कमरेच्या वर उचलावयाची नाही. स्टिक मागे खेचून पूर्ण ताकदीने फटका मारावयाचा नाही. नियम मोडणाऱ्याने दोन मिनिटे बाहेर बसावे आणि तेवढा वेळ त्याच्या संघाने एका खेळाडूविना खेळावे. मिश्र लीगमध्ये याखेरीज आणखी एक अट असते: प्रत्येक संघाच्या ठरलेल्या किमान संख्येइतक्या स्त्रिया सतत खेळात असल्या पाहिजेत, त्या उपलब्ध नसतील तर त्यांच्या जागी पुरुष न घेता कमी खेळाडूंनिशी खेळावे. काही मिश्र खेळांत तर स्त्रीने केलेला गोल दोन गोलांइतका मोजण्याचीही पद्धत आहे.

वरवर पाहता हे सर्व नियम एकाच जातीचे वाटतात: बलवानाला आवर आणि दुर्बलाला सवलत. पण नीट पाहिल्यास ते तीन भिन्न प्रकारांचे आहेत, आणि नैतिक दृष्टीने तिन्हींचे मोल सारखे नाही.

इजेपासून रक्षण

पहिला प्रकार शरीराच्या रक्षणाचा. धडक नको, उंच स्टिक नको, बेफाम फटका नको. काही बलदंड खेळाडूंची तक्रार असते की, अशा नियमांनी खेळाचा रंगच निघून जातो. त्यांना विचारावे की, दुसऱ्याचा दात पडल्याने किंवा डोळा दुखावल्याने कोणता रंग भरतो? स्वतः इजा करू नये आणि इजेला इजेने उत्तर देऊ नये, हे तत्त्व प्रेषित मुहम्मद (स.) यांनी घालून दिले आणि फिकहशास्त्राने त्यावर व्यवहाराच्या असंख्य नियमांची उभारणी केली. खेळाच्या मैदानावर ते तत्त्व स्थगित होत नाही. ज्याच्या अंगी बळ अधिक, त्याच्यावर ते आवरण्याचे उत्तरदायित्वही अधिक. या नियमांना ‘सवलत’ म्हणणेच चुकीचे आहे. सुरक्षित राहणे ही कोणी कोणाला दिलेली भीक नसून तो प्रत्येकाचा हक्क आहे.

सहभागाचा वाटा

दुसरा प्रकार सहभागाचा. अमुक इतक्या स्त्रिया खेळात असल्याच पाहिजेत, प्रत्येकाला आळीपाळीने खेळावयास मिळालेच पाहिजे, असे हे नियम. जो संघ केवळ जिंकण्याकडे पाहतो तो आपल्यातील दुबळ्याला बाकावर बसवून ठेवतो. त्याने वर्गणी भरलेली असते, गणवेश घातलेला असतो, संघाच्या यादीत त्याचे नावही असते. फक्त खेळ त्याच्या वाट्याला येत नाही. हौशी लीगचा हेतू सर्वांनी खेळावे हाच असेल, तर असे बसवून ठेवणे म्हणजे कराराचा भंग आहे.

सूरह अल-माइदाच्या प्रारंभीच श्रद्धावंतांना करार पूर्ण करण्याची आज्ञा झाली आहे, हे आपण जाणता. मुस्लिम आपल्या मान्य केलेल्या अटींना बांधील असतो, मात्र ती अट हलालला हराम किंवा हरामला हलाल करणारी नसावी, हे सूत्रही हदीसमधून आपणास मिळाले आहे. लीगमध्ये नाव नोंदविणे हाही एक करारच आहे. “खेळच तर आहे” असे म्हणून त्याच्या अटी मोडणारा मनुष्य उद्या भाडेकरार किंवा भागीदारी पाळील, याची खात्री कोणी द्यावी?

गुणांचे दुहेरी माप

तिसरा प्रकार गुणांचा, आणि खरी अडचण येथे आहे. स्त्रीचा गोल दुप्पट मोजावा काय? या नियमाच्या समर्थनार्थ सांगितले जाते की, एरवी पुरुष चेंडू आपापसांतच फिरवीत राहतात. दोन गुणांच्या लोभाने तरी ते स्त्रियांकडे चेंडू देतील. हा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. त्यामागील हेतू चांगला आहे. परंतु या मापात दोन दोष राहतात. एक असा की, वेगाने धावणारी, निष्णात खेळाडू स्त्री आणि प्रथमच स्टिक हाती घेणारा पुरुष यांच्यात दुर्बल कोण, हे नियम पाहतच नाही. ती केवळ स्त्री आहे एवढ्यावरून तिला आधीच दुर्बल ठरवून मोकळा होतो. दुसरा असा की, चेंडू तिला मिळतो खरा, पण ती सहकारी आहे म्हणून नव्हे, तर तिचा गोल महाग आहे म्हणून. मान देण्याच्या हेतूने केलेला नियम तिला साधन बनवून ठेवतो.

मग असमान खेळाडूंसाठी निराळे नियम करूच नयेत काय? अवश्य करावेत, प्रश्न फक्त कोणत्या आधारावर करावेत एवढाच आहे. याचे मार्गदर्शन मदीनेतील घोड्यांच्या शर्यतींत आढळते. सहीह बुखारीतील नोंदीनुसार, प्रेषित (स.) यांनी खास पद्धतीने तयार केलेल्या काटक घोड्यांची शर्यत अल-हफया येथून सनिय्यतुल-वदापर्यंत ठेविली. हे अंतर पाच-सहा मैलांचे होते. जे घोडे तसे तयार केलेले नव्हते, त्यांची शर्यत सनिय्यतुल-वदापासून बनू जुरैक यांच्या मशिदीपर्यंत, म्हणजे सुमारे एक मैल ठेविली. अब्दुल्लाह इब्न उमर (रजि.) हे स्वतः या शर्यतीत सहभागी होते.

वाचकहो, या वाटणीचा विचार करा. सर्व घोड्यांना एकच अंतर दिले असते तर ती समानता दिसली असती, पण अप्रशिक्षित घोडा वाटेतच थकून गेला असता. उलट, त्याला तयार घोड्याशेजारी उभे करून त्याचे एक पाऊल दोन पावलांइतके मोजले असते, तर ती शर्यत उरली नसती. प्रेषित (स.) यांनी दोन्ही टाळले. त्यांनी प्रत्येकाला त्याच्या बरोबरीच्यांत उभे केले आणि ही बरोबरी घोड्याच्या तयारीवरून ठरविली, रंगावरून किंवा मालकाच्या घराण्यावरून नव्हे. अंतर भिन्न राहिले, पण प्रत्येक शर्यतीच्या आत माप एकच राहिले.

याच तत्त्वाचा आधुनिक दाखला फ्लोअर हॉकीतच आहे. बौद्धिक अक्षमता असलेल्या खेळाडूंसाठी १९६८ साली सुरू झालेल्या ‘स्पेशल ऑलिम्पिक्स’ या चळवळीने या खेळाला आपलेसे केले. तेथे चकती मधोमध छिद्र असलेली असते आणि काठीला वाकडे पाते नसते, जेणेकरून काठी छिद्रात टेकवून चकती नेणे सोपे जावे. प्राथमिक सामने पाहून संघांचे सामर्थ्यानुसार गट पाडले जातात, आणि सोपा गट मिळावा म्हणून तेथे मुद्दाम वाईट खेळणे हा नियमभंग ठरतो. साधन बदलले, गट बदलला. गुणाचे मोल मात्र बदलले नाही.

आपल्या घरांपुढील प्रश्न

आता आपण विचाराल की, मुळात अशी मिश्र लीग आपल्यासाठी योग्य आहे काय? आमच्या मदरशांतून शिकविल्या जाणाऱ्या फिकहनुसार, परक्या स्त्री-पुरुषांनी अंगाला अंग लागेल असा धावपळीचा खेळ एकत्र खेळणे संमत नाही. ज्यांची मुले-मुली शिक्षणासाठी वा नोकरीसाठी तिकडे गेली आहेत, त्यांनी हे त्यांना प्रेमाने आणि स्पष्टपणे सांगावे.

परंतु बोलणे येथेच थांबविले तर ते अर्धे सत्य होईल. आदरणीय आयशा (रजि.) यांची हदीस आपणा सर्वांना ठाऊक आहे. प्रवासात प्रेषित (स.) यांनी सोबत्यांना पुढे जाण्यास सांगितले आणि मग त्यांच्याशी धावण्याची शर्यत लावली. त्या वेळी आयशा (रजि.) जिंकल्या. पुढे काही काळाने त्यांचे शरीर भरले असता पुन्हा शर्यत झाली, तेव्हा प्रेषित (स.) जिंकले आणि मागच्या पराभवाची ही फेड झाली, असे त्यांनी विनोदाने म्हटले. पडद्याची काळजीही येथे आहे आणि खेळाचा आनंदही. पत्नीला खेळापासून दूर ठेवून मर्यादा सांभाळली गेली नाही. मर्यादा सांभाळून तिला खेळ दिला गेला.

आपल्या वस्त्यांत काय दिसते? मुलांसाठी मैदान रोज संध्याकाळी मोकळे असते. मुलींसाठी आठवड्यातून एक तासही राखलेला नसतो, आणि या वंचिततेला आपण हयेचे नाव देतो. त्या लीगमध्ये निदान इतका नियम आहे की, स्त्रिया खेळात नसतील तर त्यांची जागा पुरुषांनी बळकावू नये. आपण मुलींची जागा वेगळी ठरवितो, पण ती जागा देतो काय? वेगळी व्यवस्था करणे हे शरीअतला धरून आहे. व्यवस्थाच न करणे हा अन्याय आहे. शाळेचे सभागृह, बंद आवार, महिला प्रशिक्षक, राखीव वेळ यांपैकी काहीही अशक्य नाही. नियम बदलता येतात, हे जगानेही पाहिले आहे. डोके झाकून खेळण्यास फुटबॉलमध्ये २०१४ साली आणि आंतरराष्ट्रीय बास्केटबॉलमध्ये २०१७ साली अधिकृत परवानगी मिळाली. जागतिक संघटना आपली नियमावली बदलू शकतात, तर मोहल्ल्याची समिती मैदानाचे वेळापत्रक बदलू शकत नाही काय?

शिट्टी वाजली नाही तरी

शेवटचा मुद्दा नियम पाळण्याचा. हौशी लीगमध्ये पंच बहुधा एकच असतो, कधी तोही नसतो. कोणाची स्टिक कमरेच्या वर गेली, चेंडू कोणाच्या हाताला लागला, हे पुष्कळदा फक्त त्या खेळाडूलाच ठाऊक असते. अंतिम सामना जवळ आला की यादीत नाव नसलेला एखादा कसलेला खेळाडू ऐनवेळी आणण्याचा मोहही तेथे नित्याचाच असतो. हा मोह नवा नाही. शर्यतीत धावणाऱ्या घोड्याच्या जोडीला ताज्या दमाचा दुसरा घोडा ठेवून मध्येच त्यावर स्वार होणे, किंवा मागून माणूस लावून आरडाओरड करीत घोड्याला पळविणे, या दोन्ही युक्त्यांना प्रेषित (स.) यांनी मनाई केली, असे हदीसच्या भाष्यकारांनी सांगितले आहे.

सूरह अन-नहलमध्ये न्यायाबरोबरच एहसानचीही आज्ञा आहे. नियमावली न्यायापर्यंत नेऊन सोडते. एहसान त्याच्या पुढे सुरू होतो. शिट्टी वाजली नाही तरी हात वर करून “चूक माझी” म्हणणे, दुबळ्या सहकाऱ्याची चूक झाली तर कपाळाला आठी न घालता चेंडू पुन्हा त्याच्याकडेच देणे, हे कोणत्याही नियमावलीत लिहिता येत नाही. आपण अल्लाहला पाहत नसलो तरी तो आपणास पाहत आहे, ही जाणीव ज्याच्या मनात जागी आहे, त्यालाच ते जमते. ती जाणीव नमाजच्या सफेत जागी असावी आणि मैदानावर निजावी, असे होऊ शकत नाही.

आणि हारही पचविता आली पाहिजे. प्रेषित (स.) यांची अदबा नावाची सांडणी कधी मागे पडत नसे. एकदा एका ग्रामीण अरबाच्या तरुण उंटाने तिला मागे टाकले, तेव्हा सोबत्यांना ते फार लागले. प्रेषित (स.) यांनी मात्र शांतपणे समजाविले की, जगात जे वर चढते त्याला अल्लाह कधीतरी खाली आणतोच. नियम मोडण्याची इच्छा बहुतेक वेळा हार सहन न होण्यातूनच जन्मते. ज्याने हे समजून घेतले, त्याला दुबळ्याचा वाटा हिसकावून जिंकावेसे वाटणार नाही.

तेव्हा या महिन्यात आपल्या घरी एवढे अवश्य पाहावे: आपली मुले खेळताना सर्वांत लहानाला खेळावयास मिळते काय, आणि आपल्या मुलीला खेळण्यासाठी जागा आहे काय? अल्लाह आपणा सर्वांना मापात न्याय आणि वर्तनात एहसान राखण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.