किल्ल्याचा धनी

बंगळुरूच्या उत्तरेस, जेथे आज आंतरराष्ट्रीय विमानतळाच्या वर्दळीने रात्रीचा दिवस झाला आहे, त्या देवनहळ्ळी गावात एक जुना दगडी किल्ला उभा आहे. 1501 च्या सुमारास मल्लबैरे गौडा या पाळेगाराने येथे मातीचा कोट घातला. अठराव्या शतकाच्या मध्यास म्हैसूरच्या नंजराजाने वेढा घालून तो घेतला, आणि त्याच वेढ्यात हैदर अली या तोवर अप्रसिद्ध शिपायाचे नाव प्रथम पुढे आले. पुढे मराठ्यांच्या फौजांनी तो एकाहून अधिक वेळा आपल्या ताब्यात आणला. हैदर आणि टिपू यांच्या अंमलात मातीच्या जागी दगडी तट व अर्धवर्तुळाकार बुरूज बांधले गेले. आणि 1791 मध्ये लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या फौजेपुढे तो दगडी तटही पडला. टिपू सुलतानाचा जन्म याच गावचा असल्यामुळे इतिहासाचे अभ्यासक येथे येतात व त्या घराण्याच्या पराक्रमाचा विचार करतात. परंतु ज्याला मनुष्याच्या अंतरंगातील युद्धाचा विचार करावयाचा आहे, त्याने या तटापाशी थोडे अधिक थांबावे, असे मला वाटते. कारण हा तट कोणत्याही एका धन्याचा राहिला नाही. जो आत शिरला त्याचे त्याने रक्षण केले, आणि काल ज्याचे रक्षण केले त्याच्यावरच आज त्याच्या जंग्यांतून मारा झाला. तटाची मजबुती कितीही वाढवली, तरी आत अंमल कोणाचा हा प्रश्न त्या मजबुतीने सुटत नाही.

ख्रिस्ती मनुष्य ज्याला आत्मिक युद्ध म्हणतो, त्याचे मर्म मला याच प्रश्नात दिसते. आपण सर्वजण आयुष्यभर आपल्या स्वभावाभोवती तट बांधीत असतो. विद्या, मनोनिग्रह, कुलशील, लौकिक, व्रतस्थपणा ही सारी बांधकामे चांगली आहेत, आणि ती बांधू नयेत असे कोणताही सुज्ञ म्हणणार नाही. मात्र विद्वत्तेच्या आड अहंकार जितका निर्धास्त राहतो तितका अज्ञानाच्या आड राहू शकत नाही. संयमी मनुष्याला दुसऱ्याच्या दुर्बलतेविषयी जी तुच्छता वाटते ती असंयमी मनुष्याला सहसा वाटत नाही. आणि दानशूराच्या दातृत्वात कीर्तीची तृष्णा किती सुखाने नांदते, हे ज्याचे त्यानेच जाणावे. सद्गुण वाढले म्हणजे शत्रू दूर गेला असे नव्हे. कित्येकदा त्याला राहावयास अधिक भक्कम जागा मिळालेली असते. प्रभू येशूने एक दृष्टान्त सांगितला आहे. अशुद्ध आत्मा एका मनुष्यातून निघून गेला. घर झाडले गेले, सुशोभित झाले. पण ते रिकामेच राहिले, म्हणून तो आत्मा आपल्याहून दुष्ट असे आणखी सात आत्मे घेऊन परत आला, आणि त्या मनुष्याची शेवटची दशा पहिलीहून वाईट झाली. त्या घरात केर नव्हता, धनीही नव्हता. आणि त्याचा नाश धनी नसल्यामुळे झाला.

तेव्हा देवाच्या सामर्थ्यावर विसंबणे याचा अर्थ, आपली शक्ती अपुरी पडेल तेथे थोडी कुमक वरून मागवणे, इतका संकुचित घेऊन चालणार नाही. किल्ला आपल्या ताब्यात ठेवून देवाला केवळ मदतीची फौज समजणे ही भक्ती नव्हे, तो एक प्रकारचा तह आहे, आणि असे तह संकट टळताच मोडतात. किल्ल्याच्या किल्ल्याच त्याच्या स्वाधीन करावयाच्या, आणि आपण त्याच्या हुकमाने तटावर पहारा करावयाचा, हा त्या विसंबण्याचा खरा अर्थ होय. पौलाने इफिसकरांस जे पत्र लिहिले त्याच्या अखेरीस तो विश्वासणाऱ्यांस सर्व शस्त्रसामग्री धारण करण्यास सांगतो: सत्याचा कमरपट्टा, नीतिमत्त्वाचे उरस्त्राण, शांतीच्या सुवार्तेची सिद्धता ही पायांतील पादत्राणे, विश्वासाची ढाल, तारणाचे शिरस्त्राण आणि आत्म्याची तलवार. हे लिहिताना पौल स्वतः बंदिवान होता. साखळदंडात असलेल्या मनुष्याने इतरांस युद्धसज्ज होण्याचा उपदेश करावा, यावरूनच त्या युद्धाची जात निराळी आहे हे ध्यानात येते. शिवाय ज्यांनी यशया संदेष्ट्याचा ग्रंथ वाचला आहे त्यांना हेही ठाऊक असते की, नीतिमत्त्वाचे उरस्त्राण व तारणाचे शिरस्त्राण तेथे प्रत्यक्ष परमेश्वर धारण करतो. म्हणजे पौल भक्ताच्या अंगावर जी शस्त्रसामग्री चढवू पाहतो ती भक्ताने आपल्या लोहारखान्यात घडवलेली नसून धन्याची स्वतःची आहे.

त्याच पत्रात पौल स्पष्टपणे बजावतो की आपले झगडणे रक्तमांसाच्या माणसांशी नाही. हा इशारा विसरला गेला म्हणजे काय होते, हे ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासात अनेकदा दिसले आहे, आणि आपल्या देशातही दिसते. शेजाऱ्याचा देव्हारा, त्याचा सण, त्याची भाषा, किंबहुना त्याचे अस्तित्वच सैतानाचा तळ समजून त्याच्याविरुद्ध प्रार्थनेची मोहीम काढणे, हे ज्याला युद्ध वाटते त्याने शत्रू ओळखलाच नाही. महाराष्ट्राच्या वाचकाला हे सांगण्यासाठी दूर जावयास नको. तुकोबांनी आपल्या अभंगांत अहर्निश चाललेल्या ज्या युद्धाचे वर्णन केले आहे त्यातील एक प्रतिपक्ष त्यांचे स्वतःचेच मन आहे. गेथशेमाने बागेत येशूला धरले त्या रात्री त्याचा शिष्य पेत्र याची जी चूक झाली ती शत्रू न ओळखण्याचीच. त्या सायंकाळी त्याने आपल्या निष्ठेची शपथ वाहिली. प्रभूने जागे राहून प्रार्थना करण्यास सांगितले तेव्हा तो झोपी गेला. शिपाई आले तेव्हा त्याने तलवार उपसून प्रमुख याजकाच्या दासाचा कान छाटला. आणि कोंबडा आरवण्यापूर्वी एका दासीच्या प्रश्नापुढे तो ढळला. जो प्रार्थनेच्या वेळी झोपतो तोच अवेळी तलवार उपसतो, आणि ज्याची तलवार माणसावर चालते तो स्वतःच्या भयापुढे निःशस्त्र असतो. प्रभूने त्या दासाचा कान बरा केला. त्या रात्रीचा एकमेव विजय तो होता, आणि तो शत्रुपक्षाच्या मनुष्यास लाभला.

किल्ला धन्याच्या स्वाधीन करण्याचे हे तत्त्व आपल्या भाषेच्या जगात कोणाच्या आयुष्यात पूर्णतेस गेले असे कोणी विचारले, तर मी पंडिता रमाबाईंचे नाव घेईन. त्यांचा जन्म 1858 साली आजच्या कर्नाटकातील गंगामूळ येथे, सह्याद्रीच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकरोष पत्करून पत्नीला संस्कृत शिकवले, आणि त्या मातेने मुलीला. दुष्काळात आईवडील गेले. भाऊ श्रीनिवास याच्यासह अनवाणी भरतखंड फिरत रमाबाई 1878 मध्ये कलकत्त्यास पोहोचल्या, तेथील विद्वानांनी त्यांस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. पुढे थोड्याच वर्षांत भाऊ गेला, आणि विवाहानंतर दोन वर्षेही पुरी होण्यापूर्वी पतीही गेला. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. येथवरच्या आयुष्यात बुद्धी, धैर्य आणि निग्रह यांचा तट इतका उंच आहे की, या बाईंना आणखी कोणाच्या बळाची गरज काय, असे कोणासही वाटावे.

परंतु त्यांनी स्वतः पुढे लिहून ठेवले की बाप्तिस्म्याच्या वेळी ख्रिस्ती धर्म त्यांस मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो त्यांस गवसला 1891 च्या सुमारास, आठ वर्षांनी. या कबुलीचे मोल फार मोठे आहे. धर्ममत पटणे ही बुद्धीची कमाई होती. जीवन स्वाधीन करणे ही निराळीच गोष्ट होती, आणि ती घडल्यावाचून पुढील वर्षांचा भार त्यांस पेलला नसता. कारण 1889 मध्ये मुंबईस स्थापन होऊन पुढील वर्षी पुण्यास आलेल्या त्यांच्या शारदासदन या मुलींच्या व विधवांच्या निवासी शाळेवर 1893 मध्ये वादळ कोसळले: मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो असा आक्षेप आला, सुधारक रानडे व भांडारकर ज्यात होते त्या सल्लागार मंडळाने अंग काढून घेतले, पुष्कळ पालकांनी मुली परत नेल्या, आणि वृत्तपत्रांतून कठोर टीका झाली. त्या आक्षेपांत तथ्य किती होते याविषयी आजही मतभेद संभवतो, आणि आक्षेप घेणारे लोक क्षुद्र नव्हते. माझे लक्ष वेधते ते वेगळ्याच गोष्टीकडे. ज्यांनी साथ सोडली त्यांना रमाबाईंनी आपले वैरी मानले नाही, आणि दुसरीकडे ज्या इंग्लिश भगिनींनी व धर्माधिकाऱ्यांनी त्यांना आश्रय दिला होता त्यांच्याही आज्ञेपुढे आपली सदसद्विवेकबुद्धी गहाण टाकली नाही. देवावर विसंबणे म्हणजे देवाच्या नावाने बोलणाऱ्या प्रत्येक मनुष्यापुढे नमणे नव्हे, हे या मंडळींशी झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहारावरून जितके स्वच्छ दिसते तितके एखाद्या धर्मशास्त्रीय प्रबंधावरूनही दिसणार नाही.

पुढे 1896-97 चा दुष्काळ पडला. अमेरिकेतील ज्या मंडळाच्या मदतीवर शारदासदन चालले होते त्याची दहा वर्षांची हमी 1898 मध्ये संपणार होती. व्यवहारज्ञ कारभाऱ्याने अशा वेळी हात आखडता घेतला असता. रमाबाई मध्यप्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रिया मृत्यूच्या दारातून घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचा कहर माजला तेव्हा त्या सर्वांना केडगावच्या माळावरील आपल्या जमिनीवर त्यांनी हलवले. आणि 1900 च्या दुष्काळानंतर तेथे उभ्या राहिलेल्या मुक्ती मिशनमधील आश्रितांची संख्या दीड हजारांच्या वर गेली. इतक्या मुखांची बेगमी कोणत्या खजिन्यावर? ब्रिस्टलच्या अनाथालयाचे संस्थापक जॉर्ज म्युलर यांचे चरित्र त्यांनी वाचले होते, आणि माणसांपुढे हात पसरण्याऐवजी देवापुढे गरज मांडावी, ही रीत त्यांनी आपलीशी केली.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो गंभीरपणे घेतला पाहिजे. सर्व भार देवावर टाकणे हे पुरुषार्थाला मारक नव्हे काय? केडगावचा इतिहास याचे उत्तर देतो. तेथे विहिरी खणल्या गेल्या, मळे लावले गेले, गुरे राखली गेली, हातमाग चालले, छापखाना चालला, अंध स्त्रियांना वाचावयास शिकवले गेले. आणि संस्थापिकेने उतारवयात हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणण्याचे काम हाती घेतले व ते पुरे केले. ज्याला यशाची जबाबदारी आपली वाटते तो अपयशाच्या भयाने अर्धे काम टाळतो. ज्याने यश धन्याच्या स्वाधीन केले त्याला केवळ कामाची चिंता उरते, म्हणून तो अधिक काम करतो. नारायण वामन टिळकांच्या आयुष्यातही हेच दिसते. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेऊन आप्तस्वकीयांस मुकलेल्या या कवीने 1917 मध्ये, प्रकृती खालावलेली असताना, मिशनच्या नोकरीचा आसराही सोडला आणि साताऱ्यास देवाचा दरबार हा ख्रिस्तभक्तांचा संघ स्थापन केला. त्यानंतर जेमतेम दोन वर्षांत ते वारले. पण त्या अखेरच्या पर्वात त्यांच्या श्रमांत शैथिल्य नव्हते.

दुसरा आक्षेप याहून खोल आहे. देवाचे सामर्थ्य पाठीशी असताना भक्त हरतो का? पौलाने आपल्या देहातील काटा काढावा म्हणून तीन वेळा विनवणी केली. काटा गेला नाही, मात्र कृपा पुरेशी आहे आणि अशक्तपणातच सामर्थ्य पूर्णतेस येते, असे उत्तर त्याला मिळाले. रमाबाईंची एकुलती कन्या मनोरमा ही आईच्या कार्याची उजवी बाजू होती, गुलबर्ग्याच्या शाळेच्या उभारणीत तिचा हात होता. ती 24 जुलै 1921 रोजी वारली. जिने हजारो परक्या मुलींना मृत्यूच्या मुखातून सोडवले तिची स्वतःची मुलगी वाचली नाही. या घटनेचे समाधानकारक स्पष्टीकरण कोणी देऊ लागला, तर त्याने दुःख पाहिलेले नाही असे मी समजेन. आपल्याला दिसते ते इतकेच की आई कामावर राहिली, बायबलच्या भाषांतराची मुद्रिते तपासत राहिली, आणि 5 एप्रिल 1922 रोजी, ते काम हातावेगळे झाल्यावर, तिने देह ठेवला. देवाच्या बळाची हमी घाव न लागण्याची नव्हे. घावानंतरही किल्ला शत्रूच्या, म्हणजे निराशेच्या आणि कटुतेच्या, ताब्यात जाऊ नये, ही ती हमी आहे.

मग साधारण मनुष्याने, ज्याच्या वाट्याला दुष्काळही नाही आणि केडगावही नाही, काय करावे? गिदोनाची कथा त्याने वाचावी. मिद्यानी फौजेवर चालून जाण्यासाठी बत्तीस हजार लोक जमले असता परमेश्वराने त्यांतून दहा हजार, आणि अखेरीस तीनशेच ठेवले, आपल्याच हाताने आपले तारण झाले असे इस्राएलाने म्हणू नये म्हणून. आपल्या आयुष्यातही आधार एकेक करून कमी होतात: प्रकृती, पैसा, पद, माणसे. तेव्हा देवाने त्याग केला असे समजण्याची घाई करू नये. क्रोध, मत्सर, व्यसन, भय यांपैकी जो कोणी आत ठाण मांडून बसला असेल, त्याला निश्चयाच्या जोरावर हुसकावण्याचे पूर्वीचे प्रयत्न ज्यांचे फसले आहेत त्यांनी आणखी एक निश्चय करण्याआधी रोज प्रार्थनेला बसावे, वचन वाचावे, एका विश्वासू बंधूपाशी किंवा भगिनीपाशी आपला पराभव उघड बोलावा, आणि ज्याच्याविषयी मनात वैर आहे त्याचे नाव घेऊन त्याच्या कल्याणासाठी मागणे करावे. ही साधने जुनीच आहेत. परंतु किल्ला खऱ्या धन्याच्या स्वाधीन करण्याचा याहून सोपा मार्ग मला ठाऊक नाही. वाचकहो, आपल्या तटाची डागडुजी आपण पुष्कळ केली. आता आत कोणाचा अंमल आहे हे एकदा निर्भयपणे पाहावे, आणि तो ख्रिस्ताचा नसेल तर आजच दरवाजा उघडून द्यावा.