दोषारोप आणि दोषशोध

मोटारसायकल सकाळीं सुरू होत नाहीं, दिवा मिणमिणतो, भोंगा घोगरा वाजतो, आणि गॅरेजांतील मिस्त्री वाहनाकडे एक दृष्टि टाकून निकाल देतो, "बॅटरी गेली." नवी बॅटरी बसते, वाहन झटक्यासरशीं सुरू होतें, मालक समाधानानें घरीं जातो, आणि आठवडा उलटतो न उलटतो तोंच त्याच दारीं पुन्हां उभा राहतो. हा प्रसंग इतका नित्याचा आहे कीं त्यांत विचार करण्याजोगें कांहीं असेल असें सहसा कोणास वाटणार नाहीं. आमच्या मतें तें आहे. जें विधान खरें आहे, परंतु ज्याच्या योगें पुढील शोधच थांबतो, तें करणारा सत्य बोलला असें म्हणावें काय?

यंत्राची रचना थोडक्यांत ध्यानांत घेतली पाहिजे. बॅटरी ही विजेची जननी नव्हे. ती केवळ कोठी. वीज उत्पन्न होते ती इंजिनाबरोबर फिरणाऱ्या लोहचुंबकामुळें, स्टेटरच्या तांब्याच्या वेटोळ्यांत. १८३१ सालीं फॅरडेनें दाखविलेलें तत्त्व तेंच येथें राबत असतें. ही वीज क्षणोक्षणीं दिशा बदलणारी, म्हणून रेक्टिफायर तिला एका दिशेस लावतो व रेग्युलेटर तिचा दाब बेताचा ठेवतो. मध्यें तारा, प्लग व अर्थ. एवढ्या मंडळींतून कोणीही एकानें कामचुकारपणा केला, तरी प्रथम डोळे मिटते ती बॅटरी.

बारा व्होल्टांची भरलेली बॅटरी स्वस्थ असतां मीटर सुमारें १२.६ ते १२.८ दाखवितो. इंजिनाचा वेग वाढविला कीं तोच आंकडा साधारण १३.५ ते १४.५ पर्यंत चढला पाहिजे. न चढला, तर कोठींत धान्य येत नाहीं हें ठरलें. आतां त्या वाटेनें मागें मागें चालत जावयाचें. स्टेटरचा प्लग सोडून त्याच्या तीन तारांपैकीं दोन-दोन तारांमधील दाब मोजावा. तिन्ही जोड्यांत तो सारखा असला, वेगाबरोबर वाढत गेला, आणि कोणत्याही तारेचा इंजिनाच्या धातूशीं संबंध आढळला नाहीं, तर स्टेटर निर्दोष समजावा. मग पाळी रेग्युलेटरची. परंतु त्यासही एकदम आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें करूं नये. हिरवट गंज चढलेला किंवा तापून तपकिरी झालेला एखादा प्लगच सारी वीज अडवून बसलेला असतो, असें पुष्कळदां घडतें.

आपल्या नैयायिकांनीं या मिस्त्र्याच्या चुकीस फार पूर्वींच नांव देऊन ठेविलें आहे. "बॅटरी उतरली, म्हणून ती सदोष" या अनुमानांतील हेतु सव्यभिचार होय. कारण बॅटरी जशी स्वतःच्या दोषानें उतरते, तशीच ती स्टेटर जळाल्यानेंही उतरते. नवी बसवितांच वाहन सुरू झालें, हा पुरावाही फसवा. बाहेरून घागर आणून ओतली म्हणून आटलेल्या विहिरीस झरे फुटत नाहींत.

परंतु या प्रकरणांत तर्कदोषाहून गंभीर असें कांहीं आहे. शिसें व गंधकाम्ल यांची बॅटरी बराच काळ उतरलेल्या स्थितींत राहिली, तर तिच्या पत्र्यांवर शिशाच्या सल्फेटाचे कठीण स्फटिक धरतात, आणि मग ती पूर्वींइतकी वीज घेऊंच शकत नाहीं. उपाशी ठेविलेली बॅटरी कांहीं काळानें खरोखरच निकामी होते, आणि "बॅटरी गेली" हें वाक्य अक्षरशः खरें ठरतें! वर्गांत मठ्ठ ठरलेल्या मुलाची कथा याहून फारशी निराळी नाहीं. मठ्ठ म्हणून त्याच्याकडे कोणी पाहत नाहीं. पाहत नाहीं म्हणून तो मागें पडतो. आणि दोन वर्षांनीं उत्तरपत्रिकाही तीच साक्ष देते. परीक्षक खोटें बोलत नाहीं, तरी अन्याय झालेला असतो. (शिक्षकवर्गास हें उदाहरण रुचणार नाहीं, आम्हीही त्याच वर्गांतले आहों.) केवळ बघ्याचें विधान खरें असलें म्हणजे पुरें. ज्याच्या शब्दावर दुसरा आपला पैसा किंवा आपलें मूल सोंपवितो, त्यानें तेवढ्यावर थांबणें आम्हांस असत्याच्याच जातीचें वाटतें.

मिस्त्र्याची बाजूही मात्र ऐकली पाहिजे. त्यानें अर्धा तास मीटर लावून अखेर एक प्लग घासून दिला, तर जें सुशिक्षित गिऱ्हाईक नव्या बॅटरीची किंमत निमूटपणें मोजतें, तेंच "एवढ्याशा कामाचे पैसे कसले?" म्हणून हुज्जत घालतें. वस्तूस किंमत आहे, शोधास नाहीं. अशा बाजारांत अंदाज पिकला तर नवल कोणतें?

मद्रासेस १९५५ पासून तयार होऊं लागलेल्या बुलेटच्या जुन्या नमुन्यांत पुढील दिव्याच्या घरावर अ‍ॅमीटरचा लहानसा कांटा असे. वीज बॅटरींत येते आहे कीं जाते आहे, हें तो चालविणाऱ्यास वाटेंतच सांगे. तो कांटा नसला तरी साधा मीटर आज कांहींशें रुपयांत मिळतो. इंजिन बंद असतांनाचा व चालू असतांनाचा असे दोन आंकडे कागदावर लिहून नेले, तर मिस्त्र्यास आपला ठराविक निकाल देणें थोडें जड जाईल. आणि त्यानें खरें मूळ हुडकून काढलें, तर त्या अर्ध्या तासाची मजुरी त्यानें मागण्याची वाट न पाहतां त्याच्या हातावर ठेवावी.