झिरो कुठे ठेवायचा?

टेक्सासमधल्या माझ्या एका सहकाऱ्याकडे शेळ्या आहेत. कायोटी, म्हणजे आपल्या कोल्ह्याचा तिकडचा नातलग, करडं पळवतो. म्हणून एका शनिवारी तो रायफलींचे स्कोप लावत होता. माझ्या व्हिसावर बंदूक हाताळायचे नियम किचकट, त्यामुळे मी प्रेक्षक.

गोळी सरळ जात नाही, नळीतून सुटल्यापासून ती पडतच असते. स्कोप नळीच्या दीडेक इंच वर असतो, म्हणून नळी किंचित वर रोखावी लागते आणि गोळी नजरेच्या रेषेला दोनदा छेदते. त्यातलं दुसरं अंतर म्हणजे झिरो. बाकी सगळीकडे स्कोप थोडं खोटं बोलतो. किती खोटं चालेल, हे आपण ठरवायचं.

सशांसाठीच्या पॉइंट टू-टूचा झिरो त्याने ५० यार्डांवर ठेवला. मी म्हणालो, “१०० वर ठेव ना, रेंज वाढेल.” इंजिनिअरला रेंज वाढवायचा सोस असतोच.

“मग ५० यार्डांवर गोळी तीन इंच वर जाईल. आणि ससे ५० च्या आतच दिसतात.”

“मग ७५ वर दिसला तर?”

“गोळी दोन इंच खाली जाईल. नेम डोक्यावर, लागणार जबड्यात. ससा पळेल आणि झुडपात उपाशी मरेल. म्हणून ६० च्या पुढे मी मारत नाही.”

मी चिकन खातो, त्यामुळे सोवळ्याचा आव आणत नाही. पण हे डोक्यातून जाईना. आम्हीही कोडमध्ये चुकीची मर्यादा ठरवतो, पण आमची चूक ज्याला भोवते तो निदान तक्रार तरी करतो.

कायोटीसाठीच्या .२२३ चा झिरो २०० वर. तिथे मर्मस्थान तळहाताएवढं, त्यामुळे १०० वर दीडेक इंच वर गेली तरी चालते. ३०० वर मात्र गोळी अर्ध्या फुटाहून जास्त पडते, म्हणजे मर्मस्थान चुकतं. वर धरून मारणारे असतात. हा मारत नाही. स्वतःच्या हातावर त्याचा तेवढा भरवसा नाही, असं तो सरळ सांगतो.

संध्याकाळी कुंपणापलीकडे एक कायोटी थांबला. रेंजफाइंडरवर २८५. त्याने बराच वेळ स्कोपमधून पाहिलं आणि गोळी काढून खिशात टाकली.

मंगळवारी ऑफिसात म्हणाला, एक करडू गेलं. तोच होता का, मी विचारलं नाही. पुढच्या शनिवारी त्याने झिरो हलवला का, हेही नाही.